भाषेला काम हवं

आमच्या घरात इतिहास दोन वाटांनी आला. एक वाट आजोबांची. ती तांबड्या जोगेश्वरीच्या देवळापासून निघायची आणि आप्पा बळवंत चौक, नगर वाचन मंदिर, सिटी पोस्ट अशी फिरून परत वाड्यात यायची. दुसरी वाट आत्याची. ती मुंबई बंदरात आगबोटीवर चढायची आणि हिंदी महासागर ओलांडून दारेसलामला उतरायची. तरुणपणी धारवाडला केलेली नोकरी सोडली, तर आजोबांनी बुधवार पेठ कधी सोडली नाही. आत्या १९५० नंतर लग्न होऊन टांगानिकाला, म्हणजे आजच्या टांझानियाला, गेली आणि मुलं मोठी झाल्यावर पुण्याला परतली. आतोबा तिथे भारतीय मुलांच्या शाळेत गणित शिकवायचे.

आजोबा मितभाषी, आत्या बोलकी. पण बाप-लेकीची सांगायची तऱ्हा एकच. माणसाचं नाव घेतलं, की तो घरात काय बोलायचा, बाजारात काय बोलायचा आणि रागावला की कुठल्या भाषेत शिरायचा, हे पाठोपाठ यायलाच हवं. त्यामुळे आम्हा मुलांना बुधवार पेठ आणि दारेसलाम ही दोन्ही गावं आधी कानांनी कळली. या ऐकलेल्या इतिहासातून जे मला हळूहळू उमगत गेलं, ते आज ठामपणे मांडावंसं वाटतं. पुष्कळ भाषा एका गावात नांदल्या म्हणून त्यातली कुठली मरत नाही. तिच्याकडचं काम काढून घेतलं, की मात्र ती मरते.

बुधवार पेठ म्हटलं, की पुण्याबाहेरच्या माणसाला एक वस्ती आठवते आणि पुण्यातल्या माणसाला पुस्तकांची दुकानं. आजोबा या दोन्हींबद्दल सारख्याच आदरानं बोलत. त्यांची सुरुवात नेहमी जुन्या काळापासून व्हायची. अठराव्या शतकाच्या आरंभी औरंगजेबाचा तळ पुण्यात होता, तेव्हा या वस्तीला मुहियाबाद नाव मिळालं. पेशवाईत तिची बुधवार पेठ झाली. शनिवारवाडा हाकेच्या अंतरावर. वाड्याच्या दफ्तरात मराठी, तीही मोडी अक्षरात. परदरबारांशी पत्रव्यवहार करायचा तर फारसी. पाठशाळांमध्ये संस्कृत. पहाऱ्यावरच्या गारद्यांच्या तोंडी हिंदुस्थानी. श्रावणात रमण्यातली दक्षिणा घ्यायला देशोदेशीचे विद्वान पुण्यात येत. त्यांत तेलंगी असत, कर्नाटकी असत, काशीकडचे असत. “पुणं काय एकट्या मराठीचं होतं होय?” असं आजोबा विचारत, आणि त्या प्रश्नात अभिमानच असे. इतक्या भाषांच्या मध्ये उभं राहून मराठीनं राज्य चालवलं, याचा तो अभिमान होता.

पुढची गोष्ट ते दगडूशेठांची सांगत. आज ज्या गणपतीपुढे सारा महाराष्ट्र हात जोडतो, तो ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते दगडूशेठ गडवे म्हणजे कर्नाटकातून येऊन पुण्यात स्थिरावलेले लिंगायत हलवाई. धारवाडला राहून आलेल्या आजोबांना याचं फार अप्रूप. पुण्याच्या सगळ्यात लाडक्या देवाच्या घराची मुळं कृष्णेपलीकडे आहेत, हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. मग ते लक्ष्मी रस्त्यावर यायचे. तिथल्या एका कापडदुकानात ते हिशेब लिहीत. मालक घरात गुजराती बोलायचे, त्यांचे भागीदार मारवाडी. फाळणीनंतर शेजारी सिंधी दुकान आलं. गिऱ्हाइकांची भाषा मराठी, म्हणून दुकानाचीही मराठी. गिऱ्हाईक उठून गेलं, की प्रत्येक जण आपापल्या भाषेत परतायचा. आजोबांची स्वतःची टिपणवही शेवटपर्यंत मोडीत होती. लहान मुलांच्या शाळांमधून मोडी गेली, छापखान्यांनी तिला फारसं जवळ केलं नव्हतं, आणि आमच्या पिढीत ती वही वाचू शकणारं घरात कुणी उरलं नाही. शेकडो वर्षं ज्या लिपीत राज्याची दफ्तरं लिहिली गेली, ती एका आयुष्याच्या अवधीत जाणकारांच्या अभ्यासाचा विषय झाली. लिपी अवघड होती म्हणून हे झालं नाही. तिच्यात लिहिण्यासारखं काही ठेवलं गेलं नाही.

आजोबांच्या गोष्टींमधली जी मला सगळ्यात मोलाची वाटते, ती पोस्टाची. पेठेतल्या ज्या बायकांकडे बघताना लोक मान फिरवून घेत, त्यातल्या कितीतरी जणी बेळगाव, विजापूर, रायचूरकडच्या होत्या. काही आंध्रातल्या. गावाकडे म्हातारे आईवडील, भावंडं, कधी मूल. त्यांना मनीऑर्डर जायची आणि तिच्याबरोबर चार ओळींचा मजकूर. दुकान बंद झालं, की आजोबा सिटी पोस्टाच्या बाजूला जाऊन त्यांचे फॉर्म भरून द्यायचे आणि पत्रं कानडीत लिहून द्यायचे. पैसे घेत नसत. या बायका दुकानदाराशी मराठी-हिंदीच्या मिसळीत बोलायच्या, आपसांत कानडीत बोलायच्या, आणि पत्र सांगताना त्यांची भाषा आणखी बदलायची, आपापल्या गावची व्हायची. धारवाडची कानडी शिकलेल्या आजोबांना कधी कधी एखादा शब्द पुन्हा विचारून घ्यावा लागे. “पैसे कुठल्याही भाषेत पोचतात, ख्यालीखुशाली मात्र आपल्याच भाषेत पोचते,” असं ते म्हणायचे. पुढे नेपाळच्या, बंगालच्या मुली येऊ लागल्या. त्यांची पत्रं आपल्याला लिहिता येत नाहीत, ही रुखरुख त्यांना अखेरपर्यंत होती. त्या मुलींकडे भाषा होती, पण त्या पेठेत ती ऐकून कागदावर उतरवणारं कुणी नव्हतं. माणूस एकटा पडतो तो इथे.

आणि मराठीचं काय? आजोबांच्या सांगण्यात १८४८ हे साल फार मोठं होतं. त्या वर्षी जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. त्याच वर्षी लोकहितवादींच्या पुढाकारानं पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी सुरू झाली, तीच पुढे पुणे नगर वाचन मंदिर झाली. पेशवाई जाऊन तीस वर्षं झाली होती. दरबार नव्हता, दफ्तर इंग्रजांकडे गेलं होतं. मराठीचं जुनं काम सुटलं होतं. अशा वेळी तिला नवी कामं मिळाली. ज्यांना अक्षरओळख नाकारली होती, त्या मुलींना शिकवणं हे एक. रस्त्यावरच्या माणसापर्यंत जगाची खबर पोचवणं हे दुसरं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला होता आणि १८५७ साली त्याची सुधारलेली आवृत्ती आली. मेजर थॉमस कँडी यांनी पुण्यात बसून मराठी क्रमिक पुस्तकं तपासली आणि मराठीत विरामचिन्हं रुजवली. पुढे १९३२ साली नानासाहेब परुळेकरांनी ‘सकाळ’ काढला, त्याचं घरही बुधवार पेठेतलंच. शाळा, ग्रंथालय, कोश, वर्तमानपत्र. एका पेठेच्या आसपास घडलेल्या या गोष्टींनी मराठीला पुढची दीडशे वर्षं पुरेल एवढं काम दिलं.

आता आत्याची वाट.

मुंबईहून ब्रिटिश इंडिया कंपनीच्या ‘कंपाला’ आणि ‘करांजा’ या बोटी पूर्व आफ्रिकेला जायच्या. डेकवर कच्छी, गुजराती, पंजाबी, कोकणी ऐकू यायची. मराठी माणसं त्या मानानं थोडी. शिक्षक, डॉक्टर, इंजिनियर, रेल्वे आणि सरकारी खात्यांतले कारकून. भारतातून तिकडे गेलेल्यांत व्यापारी मुख्यत्वे कच्छ-काठेवाडचे, कचेऱ्यांमध्ये गोव्याची माणसं पुष्कळ, आणि १८९६ ते १९०१ या काळात मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची रेल्वे बांधायला नेलेले तीस हजारांवर मजूर बहुतेक पंजाबातले. दख्खन आणि आफ्रिका यांची ओळख अर्थात याहून कितीतरी जुनी. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता वजीर झाला आणि शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. पण त्या काळी माणसं तिकडून इकडे आली. आत्याच्या काळात ती इकडून तिकडे गेली, आपापल्या इच्छेनं आणि पोटासाठी.

दारेसलाममध्ये पाऊल ठेवल्यापासून आत्याला भाषांचे थर दिसू लागले. सरकार इंग्रजांचं, म्हणून कचेरीत इंग्रजी. शाळा वंशाप्रमाणे वेगळ्या: गोऱ्यांच्या, आशियाईंच्या, आफ्रिकनांच्या. भारतीय मुलांच्या प्राथमिक शाळांतून गुजराती माध्यम, त्यामुळे माझा आतेभाऊ पाढे गुजरातीत शिकला आणि रामरक्षा मराठीत. बाजारात किस्वाहिली. कारियाकू नावाचा मोठा बाजार, पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हमालदलाचा म्हणजे कॅरियर कोअरचा तळ तिथे होता, त्यावरून ते नाव पडलं. तिथे आत्या म्चिचाची जुडी घ्यायची आणि घरी माठाच्या भाजीसारखी परतायची. तांदूळ आणि नारळाचे कितुंबुआ ज्या खोलगट वाट्यांच्या तव्यात करतात, तो तवा पाहून तिला माहेरचं आप्पेपात्र सापडल्याचा आनंद झाला होता. पुण्याला परत येताना तिनं तो तवा आणला.

घरी कामाला येणारी बाई झारामो जमातीची. दारेसलाम आणि भोवतालचा मुलूख मूळ त्यांचा. ती बहिणीशी बोलताना किझारामो बोलायची, आत्याशी किस्वाहिली बोलायची, नमाजाला अरबी म्हणायची. शेजारचा शिंपी न्यामवेझी, रस्त्यापलीकडचा शिक्षक किलिमांजारोच्या पायथ्याचा चागा. त्या दोघांच्या मातृभाषा एकमेकांना कळत नसत आणि त्यांची मैत्री किस्वाहिलीत जमली होती. आतोबांना गल्लीत सगळे ‘म्वालिमू’ म्हणत, म्हणजे मास्तर. आत्या किस्वाहिली शिकली ती या बाईकडून आणि बाजारातून. वडीलधाऱ्या माणसाला ‘शिकामू’ म्हणायचं, त्यानं ‘मराहबा’ म्हणून ते स्वीकारायचं, हे तिनं आम्हालाही शिकवलं. तिकडे घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक वाजला, हे तिनं सांगितलं तेव्हा आजोबांना काहीच नवल वाटलं नाही. पंचांगातल्या घटकाही सूर्योदयापासूनच सुरू होतात, असं ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांना तो देश ओळखीचा वाटू लागला.

कांगा नावाच्या कापडाबद्दल आत्या रंगून बोलायची. बायका कमरेला एक आणि खांद्यावर एक असं ते गुंडाळतात. चारी बाजूंना काठ, मधे नक्षी, आणि खाली किस्वाहिलीत छापलेलं एक वाक्य: म्हण, उपदेश, प्रेम, कधी शेजारणीला मारलेला टोमणा. तोंडानं बोलता न येणारी गोष्ट बाई कापडातून बोलते. हे कांगे वर्षानुवर्षं भारतातल्या गिरण्यांतूनही छापून जात. लक्ष्मी रस्त्यावरच्या कापडदुकानात हिशेब लिहिणाऱ्या आजोबांना या गोष्टीचा फार आनंद व्हायचा. ज्यांना ती भाषा येत नाही, अशा छापणाऱ्या हातांनीही तिला काम पुरवलं होतं.

आत्या त्या देशात होती ती वर्षं मोठ्या उलथापालथीची. पलीकडे नैरोबीत १९४८ साली भारताचे पहिले कमिशनर म्हणून गेले ते औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींचे चिरंजीव आप्पासाहेब पंत. आफ्रिकन पुढाऱ्यांशी त्यांनी मैत्री जोडली, आफ्रिकन विद्यार्थ्यांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या मिळाव्यात म्हणून खटपट केली, आणि त्यामुळे गोरे वसाहतवाले त्यांच्यावर नाराज झाले. १९५० साली काकासाहेब कालेलकर पूर्व आफ्रिकेत हिंडून आले. जन्म साताऱ्याचा, शिक्षण पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात, आणि या प्रवासावरचं पुस्तक त्यांनी लिहिलं ते गुजरातीत. मराठी माणसानं गुजरातीला दिलेलं हे काम. त्यात मराठीचं काही उणं झालं नाही.

टांगानिका ९ डिसेंबर १९६१ रोजी स्वतंत्र झाला. इकडे त्याच वर्षी जुलैत पानशेत फुटून पुण्याच्या पेठांत पाणी शिरलं होतं. त्यामुळे आमच्या घरात त्या देशाचं स्वातंत्र्य ‘पानशेतच्या सालचं’ म्हणून लक्षात राहिलं. १९६४ च्या एप्रिलमध्ये झांझिबारशी एकीकरण होऊन टांझानिया झाला. शंभराहून कितीतरी अधिक भाषांचा हा देश. अभ्यासक आकडा १२० च्या पुढे नेतात. बांटू भाषा सर्वांत जास्त, पण उत्तरेत मसाईंची निलोटी कुळातली भाषा, इराकू ही कुशिटी कुळातली, आणि जिभेच्या टकटक आवाजांची व्यंजनं असलेल्या सांदावे आणि हाद्झा. आफ्रिकेत ज्या चार गटांत भाषा परंपरेनं विभागल्या जातात, ते चारही या एका देशात भेटतात. सगळ्यात मोठी जमात सुकुमा, तीही एकूण वस्तीच्या पाचव्या हिश्श्याएवढी नाही. म्हणजे कुणा एकाची भाषा सर्वांवर लादता येईल, अशी स्थितीच नव्हती.

किस्वाहिली किनाऱ्यावरची भाषा. व्याकरण बांटू, आणि शतकानुशतकांच्या समुद्री व्यापारातून आलेले शब्द अरबी, फारसी, पोर्तुगीज, भारतीय. व्यापारी तांड्यांबरोबर ती आत सरोवरांपर्यंत गेली. जर्मनांनी मुलूख घेतला आणि खालच्या कारभारासाठी तीच वापरली. जर्मनांविरुद्ध १९०५ ते १९०७ मध्ये दक्षिणेत माजी माजीचा उठाव झाला, तेव्हा वेगवेगळ्या भाषांच्या वीसेक जमाती एकत्र लढल्या, आणि त्यांना जोडणारी भाषाही हीच होती. ब्रिटिश आल्यावर १९२८ साली मोंबासाला परिषद भरली आणि झांझिबारची बोली प्रमाण ठरली. मोंबासाच्या बोलीला जुन्या काव्याची मोठी परंपरा होती, ती मागे राहिली. पुण्याच्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. आपल्याकडेही कोश आणि क्रमिक पुस्तकं पुण्याच्या आसपास तयार झाली, इथल्या शिकलेल्यांची बोली प्रमाण झाली, आणि वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्या मुलांना शाळेत आपलं तोंड बदलावं लागलं. ज्या पेठेनं मराठीला एवढं काम दिलं, तिच्या खात्यावर हेही मांडलं पाहिजे.

देशाचे नेते ज्युलियस न्येरेरे यांची मातृभाषा किझानाकी, एका लहानशा जमातीची. त्यांनी आपल्या टानू पक्षाचा प्रचार देशभर किस्वाहिलीत केला. पुढे राष्ट्राध्यक्ष असताना शेक्सपियरचं ‘ज्युलियस सीझर’ आणि ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ किस्वाहिलीत आणलं. आतोबा हे सांगताना भारावून जात. या भाषेला जड विषय पेलत नाहीत असं म्हणणाऱ्यांना राज्यकर्त्या माणसानं स्वतः लेखणी धरून उत्तर दिलं, असं ते म्हणत. १९६७ साली आरुशाचा जाहीरनामा आला, प्राथमिक शिक्षण किस्वाहिलीत झालं, भाषेसाठी राष्ट्रीय मंडळ स्थापन झालं. प्रौढ साक्षरतेचे वर्ग, सहकारी संस्थांचे हिशेब, न्यायालयातलं खालच्या पातळीचं काम, संसदेतली भाषणं असं एकेक काम तिच्याकडे आलं. कवी शाबान रॉबर्ट १९६२ सालीच गेले होते, पण त्यांच्या कविता शाळाशाळांतून मुलं म्हणू लागली.

आपण त्याच सुमारास निराळा रस्ता धरला होता. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत माणसांनी जीव दिले आणि १ मे १९६० रोजी मराठीचं राज्य झालं. आपण प्रत्येक मोठ्या भाषेला तिची भूमी दिली. टांझानियानं सर्वांची म्हणून एक भाषा निवडली, जी फार थोड्यांची जन्मभाषा होती आणि म्हणूनच कुणाला परकी वाटली नाही. आजोबा आणि आतोबा यावरून ओट्यावर तासन्‌तास बोलत. आजोबा म्हणत, राज्य मिळालं म्हणून मराठी टिकली. आतोबा म्हणत, तिकडे भाषेवरून एकही दंगा झाला नाही. दोघांच्या बोलण्यात तथ्य होतं. शेजारच्या देशांत जमातींची भांडणं रक्तापर्यंत गेली आणि टांझानिया एकसंध राहिला, त्यात किस्वाहिलीचा वाटा मोठा आहे. आणि मराठीत आज जो कायदा, जे नाटक, जी विद्यापीठं आहेत, त्यात स्वतःच्या राज्याचा वाटा मोठा आहे.

पण या दोन्ही रस्त्यांवर लहान भाषा मागे पडल्या. आत्याकडे येणाऱ्या त्या बाईच्या किझारामोला शाळेत जागा नव्हती, छापील कागदावर नव्हती, रेडिओवरही नव्हती. ती घराच्या उंबऱ्याआत राहिली आणि शहर वाढलं तसा उंबराही किस्वाहिलीनं ओलांडला. एयासी सरोवराकाठचे हाद्झा आज हजाराच्या आसपास आहेत. त्यांच्या भाषेचं जगातल्या कुठल्याही भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही. आपल्याकडे बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या बाजूला निहाली बोलतात, तिचंही तसंच. कुळ नाही, लिपी नाही, बोलणारे दोन-अडीच हजार. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या अभ्यासकांनी तिचे शब्द आणि कथा नोंदवून ठेवल्या आहेत. हे मोठं काम आहे. पण नोंदवहीत राहणं आणि अंगणवाडीतल्या मुलाच्या तोंडी राहणं यात अंतर आहे, आणि ते अंतर भाषाशास्त्रज्ञ एकटे कापू शकत नाहीत. मराठीनं स्वतःच्या राज्यात निहालीला, कोरकूला, माडियाला किती काम दिलं, याचा हिशेब आपल्याला द्यावा लागेल.

वरच्या बाजूनंही काम निसटतं आहे. टांझानियातलं मूल प्राथमिक शाळेत किस्वाहिलीत शिकतं आणि माध्यमिक शाळेत गेलं, की सगळं इंग्रजीत. विज्ञानाचा तास म्हणजे आधी भाषेशी झुंज. प्राथमिकच्या पुढेही किस्वाहिली न्यावी, असं तिथल्या धोरणानं २०१५ साली म्हटलं, पण पालकांची ओढ इंग्रजीकडेच. आप्पा बळवंत चौकात जूनमध्ये उभं राहिलं, की हेच दिसतं. पिशव्या भरून नेली जाणारी क्रमिक पुस्तकं अधिकाधिक इंग्रजी माध्यमाची. मराठी माध्यमातून अकरावीला जाणारी मुलं पहिल्या सहामाहीत गप्प बसतात. त्याच चौकात पूर्व आफ्रिकेतून पुण्यात शिकायला आलेले विद्यार्थीही जुनी पुस्तकं चाळताना भेटतात. त्यांना तीन-तीन, चार-चार भाषा येतात, आणि त्यांच्याही पदव्या इंग्रजीतच होणार असतात.

आत्याचं कुटुंब परत आलं त्यालाही कारण होतं. १९७१ साली टांझानियानं भाड्यानं दिलेल्या इमारती सरकारजमा केल्या. पुढच्या वर्षी युगांडात इदी अमीननं आशियाईंना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. भारतीय घरं भराभर आवरली गेली, कुणी कॅनडाला, कुणी इंग्लंडला. आत्या-आतोबा पुण्याला आले. आतेभाऊ इंग्लंडला गेला. त्याला मराठी, गुजराती, किस्वाहिली, इंग्रजी चारही येत. त्याच्या मुलांना मराठी समजते, बोलता येत नाही. त्याच्या नातवंडांना ती समजतही नाही. यात त्या घराचं प्रेम कमी पडलं असं मी म्हणणार नाही. तिथे गणपती बसतो, आरती रोमन लिपीत छापलेल्या कागदावरून म्हटली जाते. पण वर्षातून दहा दिवसांचं काम कुठल्याही भाषेला पुरत नाही. आजी-आजोबांशी मराठीत बोलायची गरज जोवर होती, तोवर ती टिकली. आजी-आजोबा गेले, तशी ती गरज गेली.

अलीकडे भाषांना मान फार मिळतो. युनेस्कोनं २०२१ साली ७ जुलै हा किस्वाहिलीचा दिवस ठरवला. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दोन्ही गोष्टींचा मला मनापासून आनंद आहे. आजोबा असते तर त्यांनी पेढे वाटले असते आणि दुसऱ्या दिवशी विचारलं असतं, मग आता काय करायचं ठरलं? उत्तर त्यांच्याच आयुष्यात होतं. बाहेरगावची बाई समोर आली तर तिचं पत्र तिच्या भाषेत लिहून द्यायचं. मुलीला अक्षर शिकवायचं असेल तर शाळा काढायची. जड विषय पेलत नाही असं कुणी म्हणालं, तर तो विषय स्वतः त्या भाषेत लिहून दाखवायचा.

म्हणून मराठीच्या भवितव्यावर सभा भरते, तेव्हा माझ्यापुरते मी तीन प्रश्न धरून बसतो. या वर्षी मराठीत असं कुठलं शास्त्राचं पुस्तक निघालं, जे वाचल्यावाचून मुलाचं पान हलणार नाही? पुण्याच्या दवाखान्यांत, न्यायालयांत, पोलीस चौकीत मराठी न येणाऱ्या कानडी, नेपाळी, बंगाली माणसाचं म्हणणं त्याच्या भाषेत ऐकून घेणारं कुणी बसवलं का? आणि निहाली बोलणाऱ्या मुलाला पहिलीत गेल्यावर त्याची भाषा येणारी बाई भेटली का? या तिन्ही कामांना माणसं लागतील, पैसे लागतील, सरकारची इच्छा लागेल. ती उभी करण्यासाठी वाद घालावा, अर्ज करावेत, वर्गणी काढावी. भाषेवरचं प्रेम सिद्ध करायला याहून दुसरी जागा नाही.